कातरण कोणाची?

पत्र्यातून गोल कापले की काहीतरी उरतेच. चार चकत्या एकमेकींना टेकवून कापल्या, तर मधोमध चार टोकांचा, आत वळलेल्या बाजूंचा एक तुकडा उरतो. तीन चकत्यांच्या मध्ये तसाच तीन टोकांचा. सातपूरच्या कारखान्यांत अशा उरलेल्या पत्र्याला आम्ही ‘जाळी’ म्हणत असू. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये एका वयोवृद्ध कारागिराच्या तोंडून त्याच वस्तूसाठी मी ‘कातरण’ हा शब्द ऐकला. जाळी म्हटले की डोळ्यांसमोर भोके येतात. कातरण म्हटले की हाती उरलेला धातू येतो.

तीसेक वर्षे मी एका लहानशा प्रेस शॉपमध्ये नोकरी केली. कोणत्या मापाच्या पत्र्यातून कोणत्या मापाच्या किती चकत्या निघतील, हे कागदावर मांडून दाखवणे हे माझ्या कामातले मुख्य काम. निवृत्त झाल्यावर नाण्यांचा नाद लागला आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेकडे पावले वळू लागली. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने १९८० मध्ये उभी केलेली ही संस्था नाशिककरांनाही फारशी ठाऊक नाही. तिथे जुनी नाणी पाहताना माझ्या जुन्या धंद्यातला प्रश्न पुन्हा समोर आला. नाणे गोल. मग त्याची कातरण कुठे गेली?

या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गोलाभोवती किती धातू वाया जातो, हे केवळ भूमिती ठरवत नाही. कापायचे हत्यार कोणते, आणि उरलेला तुकडा कोणाच्या मालकीचा, या दोन गोष्टी ते अधिक ठरवतात. नाशिक आणि आसपासच्या मुलखात या गोष्टीचे दोन हजार वर्षांचे पुरावे विखुरलेले आहेत.

आरंभ आहत नाण्यांपासून करावा लागतो. आपल्या देशातली ही सर्वांत जुनी नाणी बहुतांशी गोल नाहीत. चांदीचा पत्रा ठोकायचा, त्याच्या पट्ट्या पाडायच्या, पट्ट्यांचे चौकोनी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तोलायचा. कार्षापणाचे वजन ३२ रत्ती, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. तुकडा जड भरला तर कोपरा छाटायचा. संग्रहालयात ही नाणी पाहिली की छाटलेले कोपरे स्पष्ट दिसतात. चौकोनाला चौकोन लागून कापला की मध्ये फट राहत नाही. छाटलेला कोपरा तेवढा मुशीत परत जाई. माझ्यासारख्या मांडणी करणाऱ्याच्या दृष्टीने ही जवळजवळ निर्दोष पद्धत होती.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा उल्लेख येतो आणि पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने त्याचे दोन हजार सुवर्ण होतात, असा हिशेबही दिला आहे. खुद्द नहपानाची चांदीची नाणी मात्र गोल, लहान आणि राजाच्या चेहऱ्याची आहेत. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप नव्याने मारलेला. इतिहासकारांनी यात एका राजवटीचा पाडाव वाचला, आणि ते योग्यच आहे. मी त्यात कारखान्याची काटकसरही वाचतो. शत्रूची नाणी वितळवली नाहीत, नव्याने पाडली नाहीत. होती त्याच चकत्यांवर ठोसा मारला. घट शून्य, कातरण शून्य.

पुढे मराठाकाळात या मुलखात टांकसाळी होत्या. गुलशनाबाद, म्हणजे नाशिक, हे नाव त्या काळच्या रुपयांवर येते. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीतला चांदोरी रुपयाही प्रसिद्ध होता. माहेश्वरी आणि विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर लिहिलेला ग्रंथ १९८९ मध्ये अंजनेरीच्याच संस्थेने काढला. त्यातली चित्रे पाहताना एक गोष्ट पहिल्याप्रथम डोळ्यांत भरते. ही नाणी गोल आहेत, पण नीट गोल नाहीत. कुठे कड फाटलेली, कुठे एक बाजू फुगलेली, आणि साच्यावरचा अर्धा मजकूर नाण्याबाहेर राहिलेला.

याचे कारण घडवण्याच्या रीतीत आहे. चांदी वितळवून तिची कांब करायची, कांबीचे तुकडे पाडायचे, तुकडा तोलून कमीजास्त करायचा, मग ठोकून चपटा आणि गोलसर करायचा आणि दोन ठशांमध्ये ठेवून वर घण घालायचा. वजन आधी पक्के होई आणि आकार नंतर येईल तसा येई. पत्र्यातून काही कापायचेच नव्हते, त्यामुळे कातरणीचा प्रश्नच नव्हता. टांकसाळे आणि पोतदार ही आडनावे आपल्याकडे राहिली, ती या तोलण्यापारखण्याच्या व्यवस्थेची खूण आहे.

कातरण जन्माला आली ती यंत्राबरोबर. मुंबईच्या किल्ल्यात १८२० च्या दशकात कंपनी सरकारने वाफेवर चालणारी टांकसाळ बांधली. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया सगळीकडे लागू झाला आणि चांदोरीसारखे स्थानिक रुपये हळूहळू मागे पडले. यंत्राची रीत उलटी होती. चांदी लाटून सारख्या जाडीची पट्टी करायची आणि पंचाने तिच्यातून सारख्या व्यासाच्या चकत्या पाडायच्या. वजन आता जाडी आणि व्यास यांतूनच येत होते. तराजू गेला नाही, पण तो तपासणीपुरता उरला.

या सोयीची किंमत म्हणजे भोके पडलेली पट्टी. एका ओळीत चकत्या पाडल्या तर प्रत्येक चकती एका चौरसात बसते, आणि वर्तुळ आपल्या चौरसाचा फक्त ७८.५ टक्के भाग व्यापते. म्हणजे शंभर तोळे चांदीची पट्टी लाटली तर निदान एकवीस तोळे पुन्हा भट्टीत. टांकसाळीला याचे फारसे दुःख नव्हते. भट्टी तिची, चांदीही तिच्याच ताब्यात. खर्च जळणाचा, मजुरीचा आणि थोड्या घटीचा. जिथे कापणारा आणि वितळवणारा एकच असतो, तिथे कातरण ही अडचण असते, तोटा नसतो.

ज्याच्याकडे भट्टी नाही, किंवा धातूच स्वतःचा नाही, त्याचे काय? इथे तांबटांकडे यावे लागते.

आपल्याकडे धातूची भांडी घडवणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात कासारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. त्या श्रेणीकडे ठेव ठेवावी इतकी तिची पत होती. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची ख्याती क्षेत्रामुळे दूरवर गेली. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. यात्रेकरू गंगेचे पाणी घरी न्यायचे तर तांब्याचा गडू हवा. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरने या कामाची दखल घेतली आहे. गंगेच्या काठावरचा भांडी बाजार अजून त्याच नावाने ओळखला जातो, आणि पूर आला की त्याचे नाव वर्तमानपत्रात येते.

तांबटाची मूळ रीत टांकसाळीच्या जुन्या रीतीसारखीच होती. मोडीचे तांबे वितळवायचे, त्याची जाड गोल वडी ओतायची, आणि ती ठोकून ठोकून पसरवायची. गोलाचा जन्म हातोड्याखाली होई. कातरण जवळपास नाही, कष्ट मात्र अपरंपार. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून लाटलेले पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले, तेव्हा ठोकून पसरवण्याचे कष्ट वाचले. त्या बदल्यात तांबटाच्या हाती कातर आली, आणि कातरीबरोबर कातरण.

हिशेबासाठी ४ फूट लांब, ४ फूट रुंद पत्रा घेऊ, म्हणजे ४८ इंच चौरस. त्यातून पातेल्यासाठी १० इंची चकत्या काढायच्या आहेत. सरळ ओळींत मांडल्या तर चार ओळी, प्रत्येकीत चार, म्हणजे १६ चकत्या. पत्र्याचा जेमतेम ५४ टक्के भाग कामी येतो. आता दुसरी ओळ अर्ध्या चकतीने सरकवा, म्हणजे ती पहिल्या ओळीच्या खाचांत बसेल. डाळिंबाचे दाणे किंवा मधमाशीची घरे बसतात तशी. ओळींतले अंतर १० इंचांवरून ८.६६ इंचांवर येते, पाच ओळी बसतात आणि चकत्या होतात २०. तोच पत्रा, चार चकत्या जास्त, आणि वापर ६८ टक्के.

ही दुसरी मांडणी सर्वांत दाट आहे, हे पाहणाऱ्याला सहज पटते. सिद्ध करायला मात्र गणितज्ञांना फार वेळ लागला. नॉर्वेच्या अॅक्सेल थूने १८९० च्या सुमारास आणि पुन्हा १९१० मध्ये ते मांडले, आणि हंगेरीच्या फेयेश टोथने १९४० च्या दशकात त्याला पूर्ण सिद्धता दिली. पत्रा अमर्याद असेल तर या मांडणीत ९०.६९ टक्के धातू वापरला जातो, याहून जास्त नाहीच. पण पत्रा अमर्याद नसतो. त्याला कडा असतात, आणि कडेला अर्धी चकती कापता येत नाही. म्हणून ९० चे ६८ होतात.

मग तांबटाने तिरकी मांडणी का स्वीकारली नाही? तांबट लेनमधल्या त्या आजोबांना मी कागदावर वीस चकत्या काढून दाखवल्या. त्यांनी कागद थोडा वेळ पाहिला आणि विचारले, “दहा इंचाचीच वीस पातेली घेणार कोण?”

त्यांनी मग त्याच कागदावर आपली मांडणी काढली. पत्र्याच्या एका बाजूने ८ इंचांची पट्टी काढायची, तिच्यातून सहा लहान चकत्या. दुसऱ्या बाजूने पुन्हा ८ इंचांची पट्टी, तिच्यातून पाच. उरला ४० इंचांचा चौरस, त्यातून सोळा मोठ्या. म्हणजे १० इंची १६ आणि ८ इंची ११. मी हिशेब केला. चौरसांनी पत्रा पूर्ण भरतो, कडेला काहीच उरत नाही, आणि वापर होतो ७८.५ टक्के. शिवाय सगळे काप सरळ. गणितज्ञांच्या सर्वांत दाट मांडणीपेक्षा दहा टक्के अधिक, आणि तेही साध्या चौकटीतून! थूचे चुकले नव्हते. त्याचा प्रश्न एकाच मापाच्या चकत्यांचा होता. आजोबांचा प्रश्न एका संसाराच्या भांड्यांचा होता, त्यात लहानमोठे सगळेच लागते.

पुढची गोष्ट त्यांनी बोटाने दाखवली. चार मोठ्या चकत्यांच्या मधल्या तुकड्यात ४ इंचांची चकती बसते. मात्र चकत्यांचे चौकोन आधी सरळ पाडून घेतले तर हा तुकडा चार जागी फुटतो. तो वाचवायचा तर पत्रा अखंड ठेवून वाकड्या कातरीने एकेक गोल काढावा लागतो. वेळ जातो, हात दुखतो. पण अशा नऊ चकत्या मिळतात, झाकणाला किंवा वाटीला चालतात. वापर ८३ टक्क्यांवर जातो. त्यानंतरही जे उरते त्याचे कान, कडीची पट्टी, ठिगळ, रिव्हेट. अगदी शेवटची टोके मोडीत.

एवढी काटकसर तांबट करी, यामागे व्यवहार होता. बहुतेक तांबटांना धातू व्यापाऱ्याकडून तोलून मिळे. तयार भांडी तोलून परत द्यायची, कातरण तोलून परत द्यायची, आणि मधल्या घटीला मर्यादा ठरलेली. मजुरी भांड्याच्या वजनावर. म्हणजे कातरण चोरीला जाऊ नये म्हणून तिचा हिशेब होता, पण ती कमी पडावी यात तांबटाचा फायदाही होता. जेवढे तांबे भांड्यात जाई, तेवढ्याचीच मजुरी पदरात पडे.

आता सातपूरकडे येतो. सांगायला थोडे अवघड आहे.

१९९० च्या दशकात आमच्याकडे १०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांचे मोठे काम आले. पत्रा २ मिलिमीटर जाडीचा, २५०० बाय १२५० मापाचा. पत्र्याच्या पट्ट्या कापून प्रत्येक पट्टीत एकच ओळ पाडायची, ही चालत आलेली रीत. दोन चकत्यांमध्ये आणि कडेला ३ मिलिमीटर जागा सोडून एका पत्र्यातून २३ पट्ट्या, प्रत्येकीत १२, म्हणजे २७६ चकत्या निघत. मी तिरकी मांडणी बसवली. लांबीच्या दिशेने चार रुंद पट्ट्या, प्रत्येकीत तीन ओळी, २४-२३-२४ अशा, आणि उरलेल्या एका अरुंद पट्टीत २४. एकूण ३०८. एका पत्र्यामागे ३२ चकत्या अधिक, पंचाच्या साच्यात फारसा बदल न करता. मालकांनी पाठ थोपटली. मला आनंद झाला, हे खोटे कशाला सांगू?

आमची जाळी तोवर शेजारच्या गल्लीतल्या एक ताई नेत असत. दोन हातप्रेस, एक मुलगा, एक कामगार. जुन्या पट्टीत दोन चकत्या आणि कड यांच्यामध्ये जो तुकडा उरे, त्यात सुमारे २२ मिलिमीटरचा गोल बसे. १० मिलिमीटरच्या बोल्टला लागणारा वॉशर २० मिलिमीटरचा आणि २ मिलिमीटर जाडीचा असतो. जणू जाळी त्यांच्यासाठीच पाडलेली. एका पत्र्याच्या जाळीतून पाचशेच्या वर वॉशर निघत. त्या भंगाराच्या भावापेक्षा थोडा जास्त भाव देत, म्हणून आमचेही बरे होते.

तिरक्या मांडणीत तीन चकत्यांच्या मधल्या फटीत १३ मिलिमीटरच्या वर काही बसत नाही. कामाचे तुकडे फक्त बाहेरच्या कडांना उरले, पत्र्यामागे सुमारे २३०. महिन्याभराने ताई कारखान्यात आल्या. “साहेब, या जाळीत पंच ठेवायला जागाच नाही. दिवसाचं काम दुपारीच संपतंय.” मी त्यांना पट्ट्यांचे तुकडे देण्याची व्यवस्था केली, पण ती भावात बसेना. वर्षभरात त्यांनी प्रेस विकले.

नंतर मी कित्येकदा हा हिशेब पुन्हा मांडला, माझे काही चुकले का हे पाहण्यासाठी. चकत्या आणि वॉशर दोन्ही धरले तरी जुन्या मांडणीत पत्र्याचा साधारण ७४ टक्के भाग कामी येत होता आणि नव्या मांडणीत जवळजवळ ८०. म्हणजे लोखंडाच्या बाजूने पाहिले तर नवी मांडणीच सरस होती. ती लपवण्यात अर्थ नाही. पण माझ्या कागदावर ताईंचे वॉशर कधीच नव्हते. आमच्या लेखी ते भंगार होते. वाचले ते सगळे एका बाजूला गेले, आणि गेले ते सगळे दुसऱ्या बाजूचे, हे त्या कागदावर दिसण्याची सोयच नव्हती.

अशीच एक हकिकत रशियातली आहे. लिओनिद कांटोरोविच या लेनिनग्राडच्या गणितज्ञाकडे एका प्लायवूड संस्थेने यंत्रांच्या कामवाटपाचा प्रश्न आणला. त्यातून १९३९ मध्ये त्याने उत्पादनाच्या नियोजनाचे गणित मांडले. कापणीची मांडणी हा त्यातलाच एक विषय. १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याचे मूळ या कामात आहे. युद्धानंतर त्याने आणि झाल्गालर या सहकाऱ्याने लेनिनग्राडच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात ही मांडणी लावली आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कातरण खूप कमी झाली. पण त्या कारखान्याला भंगार पुरवण्याचेही सरकारी उद्दिष्ट होते, ते पुरे पडेना, आणि कारखाना अडचणीत आला, असे सांगतात. आपण ही गोष्ट सरकारी कारभाराचा विनोद म्हणून ऐकतो. मला ती वाचताना हसू आले नाही. एकाची कातरण हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, हे तिथे निदान कोणत्या तरी वहीत लिहिलेले होते.

आता अंबडला लेझरची यंत्रे आहेत. संगणक दहा प्रकारची मापे एका पत्र्यावर क्षणात मांडतो, मोठ्या गोलाच्या फटीत लहान गोल बसवतो. म्हणजे आजोबांची मिश्र मांडणी परत आली. फरक असा, की संगणक फक्त त्याला दिलेल्या यादीतली मापे बसवतो, आणि यादी एका मालकाची असते. शेजारच्या गल्लीत काय लागते, ते त्या यादीत नसते. ते घालायला तंत्राची अडचण नाही. दोन शेजाऱ्यांनी एकत्र बसून यादी करायची, एवढेच.

तांबट लेनमध्ये आता पत्रा कापताना कोणी क्वचितच दिसतो. कारखान्यातून ‘सर्कल’ तयार कापून येतात, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून. कातरण कारखान्यातच राहते आणि तिथल्याच भट्टीत जाते. स्टीलच्या भांड्यांनी मागणी आधीच घटवली होती. सर्कलने कातर निवृत्त केली. आजोबांची कातर खुंटीला आहे, तिचे पाते अजून तेलकट ठेवलेले.

त्यांनी मला त्यांच्या वडिलांची एक वही दाखवली. मोडी आणि बाळबोध मिसळलेले अक्षर. प्रत्येक पानावर चार रकाने: आणलेले तांबे, दिलेली भांडी, कातरण, घट. चौथा रकाना सर्वांत लहान असावा, यासाठी उरलेले तिन्ही काळजीपूर्वक भरलेले. माझ्या कारखान्याच्या तक्त्यात कातरण आणि घट यांना मिळून एकच रकाना होता आणि त्याचे नाव ‘स्क्रॅप’. तीस वर्षे मी तो रकाना भरला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वहीने दाखवले.